तान्ह्या बाळाचे वाकडे पाऊल : प्लास्टर, छोटी शस्त्रक्रिया आणि पट्टीचे बूट



बाळ जन्मले की घरातली म्हातारी माणसे आधी त्याची बोटे मोजतात. ती मोजताना कधी कधी दिसते की एक पाऊल, नाहीतर दोन्ही पावले, आत वळलेली आहेत आणि टाच वर ओढली गेली आहे. डॉक्टर याला ‘क्लबफूट’ म्हणतात. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो. मुलींपेक्षा मुलांत तो दुपटीने आढळतो, आणि जवळजवळ निम्म्या बाळांची दोन्ही पावले वाकडी असतात.

हे का होते, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. काही घराण्यांत ते चालत येते, एवढे खरे. पण आईने ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून पाऊल वाकडे झाले, ही समजूत साफ खोटी आहे. अशा बोलण्याने बाळंतिणीच्या जिवाला उगीच घोर लागतो आणि उपचाराचे चांगले दिवस अंगारे-धुपाऱ्यात निघून जातात.

प्रत्येक वळलेले पाऊल क्लबफूट नसते. पोटात अवघडून राहिल्याने काही पावले तात्पुरती वळतात. असे पाऊल बोटाने हलकेच ढकलले की सरळ होते, आणि पंजा वर नडगीकडे सहज जातो. खरे क्लबफूट ढकलून सरळ होत नाही. ते ताठ असते आणि टाच खाली येत नाही. निदान डोळ्यांनी आणि हाताने होते. एक्स-रेची बहुधा गरज पडत नाही, कारण तान्ह्या पावलातली बरीचशी हाडे अजून कुर्चेचीच असतात. डॉक्टर बाळाची पाठ आणि खुबेही तपासतात, ते त्यांना जरूर तपासू द्या. (खुब्यावरून आठवले. बाळाचे पाय सरळ करून दुपट्यात आवळून बांधू नयेत, त्याने खुबा निसटू शकतो. पाय फाकवून कडेवर घेण्याची आपली पद्धत खुब्याला चांगली.)

आता उपचार. पूर्वी बाळ थोडे मोठे झाले की मोठी शस्त्रक्रिया करून पावलाचे सांधे मोकळे करीत. पाऊल सरळ दिसे, पण मोठेपणी अनेकांचे पाऊल ताठर आणि दुखरे होई. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी (1914-2009) यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस वेगळी रीत बसवली. जगाने ती मनावर घ्यायला मात्र 1990 चे दशक उजाडले. आज सगळीकडे हीच रीत पहिली धरतात.

त्यात दर आठवड्याला पाऊल हाताने थोडे थोडे वळवून प्लास्टर घालतात. अशी साधारण पाच ते सात प्लास्टरे लागतात. प्लास्टर बोटांपासून मांडीपर्यंत आणि गुडघा काटकोनात वाकवून घातलेले असते. गुडघ्याखालीच घातलेले निसटते. वळवण्याचाही क्रम ठरलेला आहे. आधी तळव्याची खोल कमान सरळ, मग पंजा बाहेर, आणि टाच सर्वांत शेवटी. टाच आधीच जोर लावून खाली आणली तर पाऊल मध्येच मोडल्यासारखे होते. म्हणून मालिशवाल्याने किंवा हाडवैद्याने पाऊल दाबून बसवणे धोक्याचे.

दहातल्या आठ-नऊ बाळांची टाच नुसत्या प्लास्टरने खाली येत नाही. त्यांच्या टाचेमागची जाड शीर बारीक पात्याने कापतात. छेद दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि बहुधा जागा बधिर करूनच काम होते. शीर कापली म्हटल्यावर आईचा जीव वर-खाली होतो, ते साहजिक आहे. पण पुढच्या तीन आठवड्यांच्या प्लास्टरमध्ये ती शीर लांब होऊन पुन्हा जुळते.

प्लास्टर भिजू देऊ नये. बोटे निळी किंवा पांढरी पडली, सुजली, अथवा प्लास्टर सरकून बोटे आत गेली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खरी कसोटी यानंतर लागते. बाळाला मध्ये पट्टी असलेले दोन बूट देतात. एकच पाऊल वाकडे असले तरी बूट दोन्ही पायांत घालायचे. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, आणि मग चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. पहिल्या काही रात्री पोर रडते. आजी म्हणते, “पाय तर सरळ झालाय, कशाला बांधून ठेवता लेकराला?” आणि बूट फळीवर जाऊन बसतात. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. मग पुन्हा प्लास्टर आले, आणि तीनेक वर्षांनंतर कधी कधी पावलावरची शीर दुसऱ्या जागी जोडण्याची शस्त्रक्रियाही.

उपचार जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू व्हावा. उशीर झाला असला, मूल चालायला लागले असले, तरी याच रीतीने पुष्कळ सुधारणा होते. तेव्हा आता काय उपयोग म्हणून घरी बसू नये. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष धरलेला आहे आणि उपचार मोफत आहे. अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडे नाव सांगितले की पुढची वाट मिळते.

शेवटी हंगामाचे. गळीत सुरू झाले की आपल्या फडात कोयत्याच्या टोळ्या येतात, आणि कोप्यांत तान्ही बाळे असतात. गावाकडे प्लास्टर सुरू असतानाच टोळी निघाली, की उपचार अर्धवट तुटतो. ज्यांच्या फडात अशी टोळी असेल त्यांनी मुकादमाशी बोलून त्या आईला दवाखान्याच्या दिवशी सुट्टी द्यावी आणि खाडा धरू नये. गावाकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी, त्यात किती प्लास्टरे झाली आणि शीर कापली की नाही हे लिहिलेले, सोबत असली म्हणजे इकडचे डॉक्टर तिथून पुढे काम सुरू करू शकतात. बूट लहान झाले असतील तर तेही त्याच फेरीत बदलून घ्यावेत.