नव्वद नंबरचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर परतूरला कापसाची आवक सुरू होते आणि पिकअप गाड्यांना उसंत मिळेनाशी होते. मंठ्याहून माजलगावकडे जाणारा शेगाव-पंढरपूर पालखी मार्गही इथूनच जातो. त्यामुळे गाडीचं तेलपाणी हा इथला रोजचा विषय. इंजिन ऑइल बदला म्हणून कुणाला सांगावं लागत नाही. गिअरबॉक्सचं तेल मात्र दुसरा गिअर कुरकुरायला लागला की आठवतं, आणि मग गॅरेजच्या दारात ठरलेला वाद रंगतो: कंपनीचंच टाकायचं, की बाजारचं चालेल?

माझ्या मते हा वादच अर्धवट आहे. मोटार बनवणाऱ्या कंपन्या सहसा स्वतः तेल बनवत नाहीत. ते एखाद्या तेल कंपनीकडून ठरलेल्या मापात बनवून घेतात आणि डब्यावर आपलं नाव छापतात. म्हणून नाव बाजूला ठेवून आधी ते माप विचारावं.

आपल्याकडे मिस्त्री सर्रास ‘नव्वद नंबर’ मागतात. हा नंबर फक्त तेलाचा जाडपणा सांगतो. त्यात कोणती रसायनं आहेत, हे सांगत नाही. त्यासाठी डब्यावर जीएल-4 किंवा जीएल-5 असं लिहिलेलं असतं, आणि खरी मेख तिथेच आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअप किंवा जीपमध्ये गिअरबॉक्स वेगळा आणि मागचं डिफरन्शियल वेगळं. डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घासत फिरतात. तिथे गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा असलेलं जीएल-5 लागतं. गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा मात्र बहुतेकदा पितळेच्या असतात. गिअर पडताना त्यांना थोडी पकड हवी असते. जीएल-5 तिथे गेलं, की पकड सुटून गिअर खरखरतो. शिवाय जुन्या धाटणीच्या जीएल-5 मधलं गंधक तापलं की पितळ खातं. एकच डबा दोन्हीकडे ओतला की मिस्त्रीचा वेळ वाचतो, बिल मालकाला येतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत दोन्ही कामं बहुधा एकाच पेटीत होतात. तिथे अलीकडे 75डब्ल्यू-80 सारखं पातळ तेल सांगितलेलं असतं. त्या पेटीत जुनं जाड नव्वद ओतलं, तर हिवाळ्यातल्या सकाळी पहिला-दुसरा गिअर दगडासारखा लागतो.

तेल बदलायचं तरी का? या पेटीत पेट्रोल-डिझेल जळत नाही, म्हणून तेल टिकतं हे खरं. पण दातांची झीज त्यातच साठते. तेल सोडायच्या बोल्टला बऱ्याच गाड्यांत लोहचुंबक असतं. तो बोल्ट काढून बघा. त्यावर राखाडी लेप असेल, बोटांत चोळल्यावर मऊ लागत असेल, तर काळजी नाही. खडा किंवा दाताचा तुकडा निघाला, तर मात्र नवं तेल टाकून ते दुखणं झाकू नका. आणखी एक, आधी तेल भरायचा वरचा बोल्ट सुटतो का ते पाहावं, मगच खालचा काढावा. तेल सगळं सांडलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरून हलत नाही.

पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीला तर किलोमीटरचा हिशेबच लागू नाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्यानं कहर केला. तापलेली पेटी एकदम पाण्यात बुडली की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून, सिलांतून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ झालं असेल, तर लगेच बदलायचं.

ऑटोमॅटिकची तऱ्हा वेगळी. तिथे तेल नुसतं वंगण नसतं. क्लचची पकड किती, सीव्हीटी प्रकारच्या पेटीतला पोलादी पट्टा पुलीवर घसरणार की धरणार, हे तेलच ठरवतं. इथे ‘असंच दुसरं’ चालत नाही, आणि महाग ते चांगलं हेही खरं नाही. फोक्सवॅगननं 2013 मध्ये जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावल्या, त्या सात गिअरच्या डीएसजी पेटीतलं सिंथेटिक तेल काढून साधं खनिज तेल भरायला. उष्ण, दमट हवेत त्या सिंथेटिक तेलामुळे विजेचा बिघाड होत होता. ‘ऑटोमॅटिकचं तेल आयुष्यभर बदलू नका’ हा दावाही असाच तपासून घ्यावा. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक मोटार कंपन्यांना ऑटोमॅटिक पेट्या पुरवते. ती स्वतः साधारण 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला, असं सांगते. ज्यानं पेटी बनवली त्याचं ऐकावं, असं मला वाटतं.

‘बाहेर काम केलंत तर वॉरंटी गेली’ ही भीती लहान गावातल्या मालकाला जास्त असते. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. दंडाच्या रकमेवर पुढे अपिलं झाली. तरी वॉरंटीचा कागद नीट वाचावा; चुकीच्या तेलानं पेटी गेली, तर हा आदेश तुम्हाला वाचवणार नाही.

बाजारच्या तेलाचा मोठा धोका बनावट मालाचा आहे. सुटं तेल घेऊ नका. सील आपल्यासमोर फोडायला लावा आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाका, नाहीतर तोच पुन्हा भरून येतो. काढलेलं तेल नालीत किंवा बांधावर ओतू देऊ नका. वापरलेल्या तेलाच्या विल्हेवाटीची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून तेल उत्पादकांवरही आली आहे. गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा, त्यातला ग्रेड मोबाइलमध्ये लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी बिलावर तोच ग्रेड, तारीख आणि किलोमीटर लिहून मागा.