पुष्य नक्षत्राची वेळ आणि चंद्रगती

सुवर्णप्राशनाकरिता पाहिले जाणारे पुष्य नक्षत्र नेमके २४ तास नसते. प्रत्येक नक्षत्र १३ अंश २० कलांचे. चंद्राची दैनिक गती मात्र सुमारे १२ ते १५ अंश अशी बदलते. परिणामी नक्षत्रकाल सुमारे २१ ते २७ तासांचा होतो.

हे क्लिष्ट गणित आपल्याच रायगड जिल्ह्यातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ (इ. स. १५२०) च्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथात ज्या-चापांविना सुलभ केले. तथापि जुन्या करणग्रंथांवरील व आधुनिक वेधांशी जुळणाऱ्या पंचांगांत वेळा भिन्न येतात. चंद्रस्थानातील एका अंशाचा फरक म्हणजे सरासरी पावणेदोन तासांहून थोडा अधिक काळ.

म्हणून महाड-पोलादपूर परिसरातील वैद्यांनी व औषधालयचालकांनी एकच पंचांग निश्चित करून पालकांना केवळ दिवस नव्हे, तर नक्षत्राच्या आरंभ-समाप्तीची वेळही कळवावी.