मटणासोबत लाल वाईन तुरट का लागते? जाणून घ्या फ्रान्सच्या हलक्या वाईनचं गणित

सावेडी (अहिल्यानगर) : पाहुणे आले, मटणाचा बेत ठरला आणि कुणीतरी लाल वाईनची बाटली आणली. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. तुरट लागली, वरून रश्श्याचा जाळ वाढला. मग बाटली तशीच पडून राहते. दोष दरवेळी वाईनचा नसतो; जोडी चुकलेली असते.

लाल वाईनला तुरटपणा येतो तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहाने किंवा कच्च्या जांभळाने जीभ जशी ओढली जाते, तसाच हा प्रकार. त्यात तिखट असलं की अल्कोहोलमुळं मिरचीची आग आणखी भडकते. म्हणून जड, तुरट वाईन आपल्या जेवणाला जमत नाही.

फ्रान्समध्ये लियों शहराच्या उत्तरेला बोजोले नावाचा भाग आहे. तिथं गामे जातीच्या द्राक्षांची वाईन करतात. द्राक्षं चिरडत नाहीत, अख्खे घड बंद टाकीत भरतात. टाकीत कार्बन डायऑक्साइड असतो आणि आंबायची क्रिया मण्याच्या आतच सुरू होते. त्यामुळं रंग उतरतो, तुरटपणा कमी येतो, चव फळांसारखी लागते. याच गामेला 1395 मध्ये शेजारच्या बर्गंडीच्या ड्यूकने हलकं वाण म्हणून हाकललं होतं! आज तिची नवी वाईन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि जगभर तिची वाट पाहिली जाते.

अशी वाईन थोडी गार प्यायची असते, साधारण 12 ते 14 अंशाला. 'लाल वाईन रूम टेंपरेचरला' हा नियम युरोपातल्या थंड घरांचा. एप्रिलमधल्या सावेडीतल्या खोलीचा नव्हे. बादलीत बर्फ-पाणी घालून बाटली पंधरा-वीस मिनिटं ठेवली तरी भागतं. सोबत तंदुरी चिकन, शेंगदाण्याच्या कुटाचं भरलं वांगं, कमी तिखट सुकं मटण चालेल. जहाल काळ्या मसाल्याचा रस्सा आणि ठेचा असेल तर मात्र वाईनचा नाद सोडा, ताकच बरं.

बोजोले इथं मिळणं अवघड आणि महाग. नाशिकच्या लाल वाईनमध्येही हलक्या, फळांच्या चवीच्या बाटल्या असतात. दुकानात 'कमी तुरट, हलकी' एवढं विचारलं तरी पुरे.

आता महत्त्वाचं. जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायचा निर्णय घेतला, तेव्हा राळेगणसिद्धीतून अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला होता. 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असंही तेव्हा बरंच ऐकू आलं. हिशोब करून बघा. साडेबारा टक्क्यांच्या 750 मिलीच्या बाटलीत जवळपास 94 मिली शुद्ध अल्कोहोल असतं. 60 मिलीच्या मोठ्या पेगमध्ये साधारण 26 मिली. म्हणजे एक बाटली साडेतीन पेगांच्या वर जाते. फळांची चव असल्यानं ती सरबतासारखी पोटात जाते, आणि फसगत तिथंच होते.

रक्तात 100 मिलीमागे 30 मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गाडी चालवणं गुन्हा आहे. जेवण सावेडीत आणि घर पारनेर-नेवाशाला असेल, तर मुक्काम तरी करा किंवा न पिणाऱ्याच्या हाती चावी द्या. राज्यात वाईनसाठी वयाची अट 21 वर्षं आहे.