तीन किलोंचा जीव आणि मूठभर बेदाणे

लेखमाला : पायात घुटमळणारे (भाग ५)

मागच्या भागात आपण गोचिडांविषयी बोललो. गोचीड बाहेरून येते, दिसते, तिची किळस वाटते, म्हणून माणूस सावध राहतो. आजचा विषय स्वयंपाकघरातल्या डब्यांचा आहे. या डब्यांतल्या एकाही वस्तूची कुणाला किळस येत नाही. उलट आपण ती कौतुकाने हातावर ठेवून पुढे करतो, आणि घात तिथेच होतो.

सुरुवात सांगलीकरांच्या सर्वांत ओळखीच्या डब्यापासून करू.

बेदाणा

तासगाव, मिरज, कवठे महांकाळ या भागात फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेडवर द्राक्षं वाळत असतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सांगली आणि तासगावच्या सौद्यांत तो देशभर जातो, आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आपल्याकडे पाहुण्याच्या हातावर बेदाणा ठेवतात, प्रसादात तो असतो, शिऱ्यात असतो, पोरांच्या खिशात असतो. मग सोफ्यावर बसून टक लावून बघणाऱ्या पॉमेरियन कुत्र्यालाही दोन दाणे मिळतात.

कुत्र्याच्या मूत्रपिंडासाठी द्राक्ष आणि बेदाणा ही दोन्ही विषं आहेत. जगभरच्या पशुवैद्यांच्या हे विसाव्या शतकाच्या अखेरीला लक्षात येऊ लागलं, म्हणजे माहिती तशी अलीकडची. आपल्या आजी-आजोबांना ती असायचं कारणच नव्हतं. विषबाधेच्या ज्या घटना नोंदल्या गेल्या, त्यांत सर्वांत कमी प्रमाण दर किलो वजनामागे सुमारे तीन ग्रॅम बेदाण्यांचं आहे. आता हिशेब करा. तीस किलोंच्या लॅब्रेडॉरला हे प्रमाण गाठायला नव्वद ग्रॅम लागतील. तीन किलोंच्या पॉमेरियनला नऊ ग्रॅम पुरतात. एक दाणा अर्ध्या ग्रॅमचा धरला तर अठरा दाणे. लहान पोराच्या मुठीतून सांडतात तेवढे.

लक्षणं अशी दिसतात : पहिल्या दिवसाच्या आत उलट्या, अन्नावर वासना नाही, मलूल पडून राहणं, कधी जुलाब. पुढच्या एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते, काही वेळा थांबतेच. तिथपर्यंत गेल्यावर डॉक्टरांच्या हातात फारसं उरत नाही. वेळेत नेलं तर पोट रिकामं करून आणि दोन दिवस सलाईन चालू ठेवून बरीच कुत्री वाचतात.

“आमचा तर रोज खातो, त्याला काही झालं नाही,” हे वाक्य यावर हमखास ऐकू येतं. त्यात खोटं काही नसतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी मांडलं की या विषबाधेच्या मुळाशी द्राक्षातलं टार्टारिक आम्ल असावं. हे आम्ल प्रत्येक वाणात, पिकण्याच्या प्रत्येक टप्प्यावर कमी-जास्त असतं. म्हणून कालची मूठ पचते आणि आजची भोवते. कुठली मूठ कुठली, हे चवीवरून ओळखता येत नाही. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही मूत्रपिंडाचा असाच बिघाड नोंदला गेला आहे. तेव्हा चिंचेचा गोळा उन्हात घालाल तो कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी घाला, आणि कोळ काढल्यावरचा चोथा उघड्या बादलीत टाकू नका.

कांदा-लसूण चटणी

सातारा-सांगलीच्या घरात चटणी म्हटलं की वर्षाची करून ठेवलेली लाल कांदा-लसूण चटणी. ती रश्श्यात असते, वांग्यात असते, भाकरीवर तेलासोबत असते. भडंगाला तर लसणाशिवाय चवच नाही. घरच्या कुत्र्याला रश्श्यात कुस्करलेली भाकरी घालण्याची रीत गावाकडे जुनी. वीस-पंचवीस किलोंच्या राखणीच्या कुत्र्याला ती बऱ्याचदा पचूनही जायची. तीन किलोंच्या कुत्र्याचं गणित वेगळं आहे.

कांदा आणि लसूण यांतली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने, भाजल्याने किंवा वाळवल्याने त्यांचा जोर जात नाही. वाळवून कुटलेल्या मसाल्यात पाणी निघून गेल्यामुळे चिमूटभरातही बराच कांदा सामावलेला असतो. एका वेळी शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा पोटात गेला तर धोका सुरू होतो असं मानतात. तीन किलोंना हे पंधरा ग्रॅम झाले, म्हणजे मध्यम कांद्याची एक जाडशी फोड. लसूण त्याहून कितीतरी तीव्र. रोज थोडं थोडं दिलं तरी नुकसान साचत जातं.

इथे एक गोष्ट मागच्या भागाशी जोडून घ्या. कांद्याची बाधा लगेच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, कुत्रं धापा टाकतं, लघवी चहासारखी होते. गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसियाच्या तापातही नेमकं हेच दिसतं. आपल्या भागात गोचिडांचा सुळसुळाट इतका की डॉक्टरांचा पहिला संशय तिकडेच जाणार. म्हणून दवाखान्यात गेल्यावर, “चार दिवसांपूर्वी त्याने पातेल्यातला रस्सा चाटला होता,” हे न लाजता सांगा. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलू शकते.

औषधांचा डबा

कुत्रं लंगडतंय, अंग गरम लागतंय, दवाखाना सकाळी उघडणार. अशा रात्री घरातला कुणीतरी तापाची गोळी काढतो. कुत्र्यात पॅरासिटामॉलचा धोका दर किलोला साधारण ७५ ते १०० मिलिग्रॅमपासून सुरू होतो. पाचशेची एक गोळी तीन किलोंच्या कुत्र्याला दिली की किलोमागे १६६ मिलिग्रॅम होतात. यकृतावर घाव घालायला ती एक गोळी पुरते. आयबुप्रोफेनची कथा आणखी वाईट : त्याने पोटात व्रण होतात, जास्त गेलं की मूत्रपिंडंही बसतात. “अर्धीच दिली” याला काही अर्थ नाही, कारण गोळीचा अर्धा भाग माणसाच्या वजनाच्या हिशेबाने अर्धा असतो. डॉक्टरांनी त्याच कुत्र्यासाठी, त्याच्या वजनावर लिहून दिलं नसेल तर माणसाची कुठलीही गोळी त्याच्या तोंडात जाता कामा नये.

याच यादीत बिनसाखरेचं च्युइंगगम येतं. त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात कोसळू शकते. माणसाला ते चालतं, कुत्र्याला दर किलोला ०.१ ग्रॅमही पुरतं. लहान कुत्र्याला एक गोळी खूप झाली. चॉकलेटच्या बाबतीत काळं चॉकलेट दुधाच्या चॉकलेटपेक्षा कितीतरी पट वाईट. मुलांची दप्तरं आणि पाहुण्यांच्या पर्स जमिनीवर ठेवू नका, असं सांगायचं कारण हेच.

पेढा

आता साताऱ्याकडे वळू. कुत्र्याचे लाड साताऱ्याला नवे नाहीत. छत्रपती थोरले शाहू महाराज यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने त्यांना वाघापासून वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. त्याची समाधी संगम माहुलीला दाखवली जाते. पण खंड्या शिकारीला जाणारा, मैलोन्‌मैल पळणारा. आपला पग किंवा शिह त्झू पळतो तो दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत.

कंदी पेढा विष नाही. पण तीन किलोंच्या घरबशा कुत्र्याची दिवसाची गरज दोनशे ते अडीचशे कॅलरींची असते. वीस-पंचवीस ग्रॅमचा एक पेढा ऐंशी-शंभर कॅलरींच्या घरात जातो. म्हणजे एका पेढ्यात दिवसाच्या जेवणाचा तिसरा हिस्सा संपला, आणि वाटी त्याला नेहमीइतकीच वाढली जाते. घरात माणसं पाच, प्रत्येकाचा घास एकेक. वजन वाढलं की लहान जातींचे गुडघे आधी कुरकुरतात, श्वासनलिका दबते, आणि पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला सांगलीचा एप्रिल-मे काढणं मुश्किल होतं. तुपकट खाणं एकदम जास्त झालं तर स्वादुपिंडाला सूज येते; ते दुखणं मोठं असतं आणि खर्चिकही. वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे नको. त्यासाठी गाजराचा तुकडा, बिया काढलेल्या सफरचंदाची फोड, मीठ-मसाल्याशिवाय उकडलेल्या चिकनचा धागा चांगला. धाग्यात हाड नको.

पिल्लांची गोष्ट मात्र उलटी. तीन-चार महिन्यांच्या आतलं चिहुआहुआ किंवा पॉमेरियनचं पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी त्याची साखर उतरते. ते झोकांड्या खातं, थरथरतं, डोळे जड होतात. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला हवं. असा झटका आला तर साखरेचं घट्ट पाणी किंवा मध बोटाने हिरड्यांना चोळा आणि लगेच दवाखाना गाठा. बेशुद्ध पिल्लाच्या घशात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

नको ते खाल्लं तर

घरोघरी सुचणारा पहिला उपाय मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचा. तो करू नका. तीन किलोंच्या देहात चमचाभर मीठसुद्धा रक्तातला सोडियम धोक्याच्या पातळीवर नेऊ शकतं, म्हणजे एका विषावर दुसरं. दूध किंवा तूप पाजूनही विष उतरत नाही. खाल्ल्यापासून साधारण दोन तासांच्या आत डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी करवू शकतात, म्हणून लक्षणांची वाट न बघता निघा. “बघू सकाळपर्यंत” यात ते दोन तास जातात. जाताना वेष्टन किंवा गोळ्यांची पट्टी सोबत न्या. किती खाल्लं आणि किती वाजता, एवढं नक्की सांगा.

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांचा बराचसा वेळ गाई-म्हशींत जातो, ते साहजिक आहे. म्हणून लहान जनावरांचं काम करणारा जवळचा डॉक्टर कोण, रात्री फोन कोण उचलतो, रक्ततपासणी कुठे होते, हे आधी विचारून ठेवा. पुणे–सातारा महामार्गावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथे काय सोय आहे, कुठल्या वेळी, याची चौकशी निवांत दिवशी करावी. ऐन वेळी शोधाशोध करायला जमत नाही.

या आठवड्यासाठी काम एकच. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग त्याला खाली ठेवून एकट्याचं वजन करा, आणि वजाबाकी करा. घरचा काटा शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक दाखवत नसेल तर किराणा दुकानातला चालेल. आलेला आकडा आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजच्या दारावर लिहून लावा, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असा. महिन्यातून एकदा आकडा बदला. औषध, खाऊ, जंताचं पातळ औषध, सगळं त्या आकड्यावर ठरतं.

पुढच्या भागात दात. लहान जातींच्या तोंडाला वास का येतो, कीटण कसं साठतं, आणि तो वास “कुत्र्याला असतोच” म्हणून का सोडून देऊ नये, ते पाहू.