दुकानातील कॉम्प्युटरची ‘रेड’ मंद का पडते?

रेड म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांपुढे इन्कम टॅक्सवाल्यांची धाड उभी राहते. येथे सांगावयाची रेड ती नव्हे. एकाच हिशेबाची नोंद दोन किंवा अधिक डिस्कवर एकाच वेळी ठेवण्याची जी सोय असते तिला कॉम्प्युटरवाले ‘रेड’ म्हणतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध वाचला व त्यात हे नाव दिले. एक महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी स्वस्तातल्या अनेक डिस्क जोडाव्यात आणि एखादी मेली तरी हिशेब शाबूत राहावा, असा त्यांचा मुद्दा होता. ही जोडणी वेगळे कार्ड न बसवता लिनक्स किंवा विंडोज स्वतःच सांभाळत असेल तर तिला सॉफ्टवेअर रेड म्हणतात. लहान व्यापाऱ्याला हीच परवडते. कार्डाचा खर्च वाचतो, आणि मशीन बिघडले तरी लिनक्सवरील डिस्कची जोडी दुसऱ्या लिनक्स मशीनला लावून वाचता येते.

बारामतीच्या पेठेतून इंदापूर, भिगवण, निमगाव केतकीच्या दुकानदारांना कापड जाते ते बहुतेक उधारीवर. उसाचे बिल शेतकऱ्याच्या हाती आले की त्याची बाकी दुकानदाराकडे, आणि दुकानदाराची आमच्याकडे. पूर्वी ही सारी उधारी लाल वहीत असे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि वही कॉम्प्युटरमध्ये गेली. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा हा हुकूम सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे, आणि कुरआनमधील सर्वांत लांब आयत तीच. तेव्हा खतावणी ही केवळ आपली मिळकत नव्हे, दोन्ही बाजूंची अमानत आहे. ती ज्या डिस्कवर आहे ती मंद पडली, तर गिऱ्हाईक खोळंबते एवढाच मसला नसतो. कित्येकदा डिस्क मरण्यापूर्वी अशीच मंद पडते.

म्हणून पहिली एहतियात ही, की मंद पडलेल्या मशीनला हात लावण्याआधी पाहून घ्यावे. आमच्या पाहण्यात असे येते की मेकॅनिक येतो आणि पहिल्या पाच मिनिटांत विंडोज नव्याने टाकण्याची भाषा करतो. त्याला तेथेच थांबवावे.

दोष खरोखर डिस्कचाच आहे का, हे आधी ठरवावे. दुकानात चार कॉम्प्युटर एका सर्व्हरला जोडलेले असतील तर सर्व्हरवरच बसून एक मोठी फाईल एका जागेवरून दुसरीकडे उतरवून पाहावी. तेथे काम झपाट्याने होत असेल आणि काउंटरवरच रखडत असेल, तर डिस्क बिचारी निर्दोष आहे. जुना १०० एमबीपीएसचा स्विच सेकंदाला ११-१२ एमबीच्या पुढे जाऊ शकत नाही. डिस्क कितीही नवी घ्या, माल त्याच अरुंद बोळातून येणार.

सर्व्हरवरही मंदच असेल तर लिनक्समध्ये एमडीस्टॅट नावाची फाईल उघडावी. दोन डिस्कच्या जोडीसमोर कंसात दोन यू दिसले तर दोघी हजर आहेत. एका यूच्या जागी आडवी रेघ असेल तर एक गेलेली आहे. दोन डिस्कच्या जोडीत एक गेली तरी दुसरी गुपचूप काम करीत राहते आणि मालकाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. ही फाईल आठवड्यातून एकदा तरी पाहावी. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीत हीच माहिती मिळते. तेथे ‘हेल्दी’ हा शब्द नसेल तर समजावे की काही तरी घडले आहे.

त्याच फाईलमध्ये ‘रीसिंक’ किंवा ‘चेक’ लिहिलेले आणि पुढे टक्के सरकताना दिसले, तर मंदपणाची सबब सापडली. वीज अचानक गेली आणि मशीन धाडकन बंद झाले, की दोन्ही डिस्कवर शेवटची नोंद सारखी उतरली की नाही याची खात्री राहत नाही. मग यंत्रणा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोन्ही वह्या ताडून सारख्या करते. सेकंदाला १५० एमबी या वेगाने २ टीबीच्या जोडीला पावणेचार तास लागतात, आणि दुकान चालू असेल तर त्याहून जास्त. लिनक्स या कामाचा वेग गर्दीच्या वेळी सेकंदाला १ एमबीपर्यंत उतरू देते व रिकाम्या वेळी २०० एमबीपर्यंत चढू देते. कोणी घाईने खालची मर्यादा वाढवून ठेवली असेल तर गिऱ्हाइकाचे बिल मागे पडते आणि ताडणी पुढे जाते. डेबियन घराण्यातील लिनक्समध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री एकच्या सुमारास अशी तपासणी आपोआप सुरू होते. डिस्क मोठ्या असतील तर ती सकाळी दुकान उघडेपर्यंत रेंगाळू शकते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीच मशीन सुस्त वाटते अशी तक्रार असेल तर कारण हेच. ही तपासणी बंद मात्र करू नये, कारण डिस्कचा कुजलेला भाग तिच्यामुळेच वेळेवर कळतो.

वीज जाण्यावर दोन उपाय आहेत. एक यूपीएस, जो सर्वांना ठाऊक आहे. दुसरा ‘बिटमॅप’, जो फार थोड्यांना ठाऊक आहे. कोणत्या पानावर लिहिणे चालू होते याची खूण डिस्कवरच ठेवली जाते, आणि वीज आल्यावर तेवढीच पाने ताडली जातात. तासांचे काम मिनिटांत होते. जुन्या जोडणीत ही सोय नसेल तर चालू मशीनवरही ती एका आज्ञेने लावता येते. खर्च काही नाही.

आता खरी भीतीची गोष्ट. दोन्ही यू हजर, ताडणीही चालू नाही, तरी बिल सेव्ह करताना मशीन अर्धा-अर्धा मिनिट गोठून बसते. बैलजोडीतला एक बैल लंगडू लागला की दुसरा कितीही तगडा असो, औत लंगड्याच्याच चालीने चालते. रेडमध्ये लिहिताना तेच होते, कारण नोंद दोघींवर उतरल्याशिवाय काम पुरे होत नाही. डिस्कवरील एखादा भाग खराब झाला की साधी घरगुती डिस्क तो वाचण्यासाठी पुन्हा पुन्हा, कधी मिनिटभरही, धडपडत राहते. लिनक्स साधारण ३० सेकंद वाट पाहते आणि मग तिला झटका देऊन जागे करते. रेडसाठी बनविलेल्या डिस्क सुमारे ७ सेकंदांत हार मानतात आणि यंत्रणा दुसऱ्या डिस्कवरून तेच पान वाचते. हा फरक दुकानदार सांगत नाही.

लंगडा बैल कोणता, हे आयओस्टॅट नावाचा प्रोग्रॅम दाखवितो. एक डिस्क शंभर टक्के गुंतलेली आणि दुसरी आरामात असेल तर संशय पहिलीवर. मग स्मार्टसीटीएलने तिची नाडी पाहावी. ५ आणि १९७ या क्रमांकांपुढील आकडे शून्य नसतील आणि वाढत असतील तर ती डिस्क चालली. फक्त १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर डिस्क नव्हे, तिची केबल खराब आहे. केबल बदलून पाहावी. कित्येक चांगल्या डिस्क केवळ केबलीपायी भंगारात गेल्या असतील.

नव्या डिस्कही मंद निघतात, त्याचे कारण निराळे. एसएमआर जातीच्या डिस्कमध्ये नोंदीच्या पट्ट्या घराच्या कौलांसारख्या एकीवर एक चढविलेल्या असतात. मधले एक कौल बदलायचे तर वरची उचलावी लागतात. २०२० साली वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड नावाच्या डिस्कपैकी काही या जातीच्या असल्याचे मान्य केले, तेव्हा बराच गदारोळ झाला. फोटो साठवायला ही जात ठीक, जोडणीत नको. खरेदी करताना ‘सीएमआर’ असे लिहून मागावे.

तीन डिस्कच्या रेड ५ चा मंदपणा तर तिच्या स्वभावातच आहे. तिच्यात दोन वह्यांत रकमा आणि तिसरीत त्यांची बेरीज असते असे समजा. एक रक्कम बदलायची तर जुनी रक्कम वाचा, जुनी बेरीज वाचा, नवी रक्कम लिहा, नवी बेरीज लिहा. एका नोंदीला चार खेपा. मोठ्या फाईलींना हे जाणवत नाही, पण बिलाच्या बारीक नोंदींना फार जाणवते. हिशेबाच्या कामाला साधी दोन डिस्कची जोडीच बरी, असे आमचे मत आहे.

डिस्क बदलायचीच ठरली तर आधी सर्व हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती काढून घरी न्यावी. जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेले खाते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसले जाते. शिवाय उरलेली डिस्क मेलेलीच्याच वयाची असते, आणि नवी डिस्क भरताना सगळा भार तिच्यावर पडतो. उपसण्यापूर्वी आजारी डिस्कचा सिरीयल नंबर कागदावर लिहून घ्यावा, नाही तर निरोगी डिस्क हाती येते. जोडणी नव्याने ‘क्रिएट’ करू असे कोणी म्हणाले तर त्यास हात लावू देऊ नये. नवी डिस्क जुन्या जोडीत ‘अ‍ॅड’ करावयाची असते. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची कॉलेजे आहेत, इंदापुरात त्यांचे पॉलिटेक्निक आहे, तेव्हा हे काम जाणणारी मुले मिळणे कठीण नाही. नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी चालते, पण किंचितही लहान चालत नाही. दोन कंपन्यांच्या २ टीबीमध्ये थोडा फरक असू शकतो, म्हणून पैसे देण्यापूर्वी लेबलावरील सेक्टरचा आकडा जुळवून घ्यावा.