पडद्यामागचं सॉफ्टवेअर : भाग ९
शून्य दिसलं की थांबा

एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन्स नांदतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. कोअर वाटून देता येतात, मेमरीही देता येते. प्रोसेसरमधली तिसऱ्या पातळीची कॅश मात्र एरवी सामाईकच राहते. एका टाकीवर चार बिऱ्हाडं असावीत, तशी. एकानं नळ मोकळा सोडला की बाकीच्यांच्या बादल्या भरत नाहीत, आणि तो कोणी सोडला हे नुसतं टाकीकडे बघून कळत नाही.

इंटेलनं २०१४ मध्ये आलेल्या हॅसवेल पिढीच्या झिऑन प्रोसेसरांत यासाठी मोजणीची सोय केली. कामांच्या प्रत्येक गटाला एक क्रमांक मिळतो, आरएमआयडी. त्या क्रमांकाच्या नावावर कॅशचे किती बाइट्स आहेत, हे प्रोसेसरला विचारता येतं. लिनक्स कर्नलच्या ४.१४ आवृत्तीपासून (२०१७) हा आकडा ‘रेसकंट्रोल’ या फाइलसिस्टीममधून वाचता येऊ लागला. व्हर्च्युअल मशीन्स सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट या सॉफ्टवेअरनं पुढे तो मशीनच्या आकडेवारीत आणला.

कोडमधला असा बदल, म्हणजे पॅच, तपासायला आला तर त्यात फारसं काही दिसत नाही. एक डिरेक्टरी बनवायची, तिच्यातल्या ‘टास्क्स’ फाइलीत व्हर्च्युअल सीपीयूंच्या थ्रेडचे क्रमांक लिहायचे, दुसऱ्या फाइलीतून आकडा वाचायचा, संपलं. मेमरी सुटते की नाही, रिटर्न व्हॅल्यू बरोबर आहे की नाही, हे रिव्ह्यूअर बघतोच. त्यातलं बरंचसं आता टूल्सच पकडतात. खरी गोम आकड्यात असते.

कारण त्या फाइलीत दर वेळी आकडा असेलच असं नाही. प्रोसेसरला उत्तर देता आलं नाही, तर कर्नल तिथे ‘अनअव्हेलेबल’ किंवा ‘एरर’ असा चक्क शब्द लिहून देतं. तो शब्द संख्या म्हणून वाचायला गेलं की वाचन फसतं. आता कोड काय करतो? व्हेरिएबलला सुरुवातीलाच शून्य देऊन ठेवलेलं असेल आणि पुढे चूक गिळली असेल, तर अॅडमिनला शून्य दिसतं. निवांत पडलेल्या मशीनचा वापर खरोखरच शून्याच्या आसपास असू शकतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. माझ्या मते प्रोग्रॅम कोसळलेला परवडला. निदान कुणीतरी लॉग तरी उघडतं. आकडा मिळाला नाही तर तो नोंदीतून गाळावा. शून्य भरून देऊ नये.

चुकण्याची दुसरी जागा जास्त मजेशीर आहे. मशीन बंद झालं, गट पुसला, म्हणजे त्याचा आरएमआयडी मोकळा झाला असं वाटतं. पण त्या क्रमांकाचा शिक्का असलेला डेटा कॅशमध्ये अजून बसलेलाच असतो. तोच क्रमांक लगेच नव्या मशीनला दिला, तर जुन्याचा वापर नव्याच्या खात्यावर पडेल. म्हणून कर्नल असे क्रमांक ‘लिंबो’ यादीत अडकवून ठेवतं आणि त्यांचा कॅशमध्ये उरलेला डेटा ठरावीक मर्यादेखाली आला की सोडतं. तोवर दुसरा क्रमांक शिल्लक नसेल, तर नवी डिरेक्टरी बनवताना ‘बिझी’ असा नकार येऊ शकतो.

मशीन्स सारखी चालू-बंद होणाऱ्या सर्व्हरवर हे घडणारच. मग मोजणी बसली नाही म्हणून मशीन सुरूच होऊ द्यायचं नाही का? वापरणाऱ्यानं कॉन्फिगरेशनमध्ये या मोजणीसाठी मॉनिटर मागितला असेल, तर तो गुपचूप वगळणं मला पटत नाही, नकार द्यावा. पण ‘या प्रोसेसरवर ही सोयच नाही’ आणि ‘आत्ता क्रमांक मोकळा नाही, थोड्या वेळानं बघा’ हे दोन संदेश वेगळे हवेत. पॅचमध्ये दोन्हींसाठी एकच ओळ असेल, तर मी तो परत पाठवीन.

बाकी दोन गोष्टी पटकन. दोन सॉकेटच्या सर्व्हरवर अशा कॅशही किमान दोन असतात, आणि डिरेक्टरी वाचताना त्या कोणत्या क्रमानं येतील याची खात्री नसते. म्हणून आयडीनुसार सॉर्ट करायलाच हवं. आणि मशीन चालू असताना नवा व्हर्च्युअल सीपीयू जोडला, तर त्याचा थ्रेडही ‘टास्क्स’मध्ये जातो ना, हे विचारायचं.

कॅशचा आकडा त्या क्षणापुरता असतो. मेमरी बँडविड्थचा काउंटर मात्र वाढतच जातो, म्हणून तिथे दोन वाचनांमधला फरक काढावा लागतो. दोन्ही आकडे एकाच फंक्शनमधून वाचायचा मोह कुठे गोत्यात आणतो, ते पुढच्या भागात.