नाल्याला पूर, शाळेला सुटी

२२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, तेव्हा तिथल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. २०२१च्या सप्टेंबरात उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यात एसटी बस वाहून गेली. यवतमाळ जिल्ह्यात पावसाची सुटी का द्यावी लागते, हे वेगळे सांगायला नको. कोविडनंतर मात्र सुटीच्या जोडीला ‘अभ्यास मोबाइलवर घ्या’ हा उपाय सहज सुचवला जातो, आणि माझा आक्षेप त्याला आहे. बहुतेक वेळा पाण्याखाली असतो तो नाल्यावरचा रपटा, गाव नव्हे. तालुक्याहून अप-डाऊन करणारे गुरुजी अलीकडच्या काठावर अडकतात. प्राथमिकची मुले आणि जिल्हा परिषदेची शाळा मात्र पलीकडे, एकाच काठावर असतात. अशा मुलांना एकेकटे मोबाइलसमोर बसवायचे कशाला? त्यातून जो पाऊस रस्ता तोडतो, तोच वीज आणि नेटवर्कही घालवतो. घरात कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलाला तर पुस्तकातली मराठी उलगडून सांगणारे माणूस समोरच लागते.

‘काहीच नसण्यापेक्षा मोबाइल बरा’ असे कोणी म्हणेल. यवतमाळ-पुसदच्या दहावीच्या विद्यार्थ्यापुरते ते खरे आहे. पण कोविडकाळात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ मोहीम चालली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली, आणि तरीही दुसरीचा पाठ वाचू शकणारी तिसरीतली मुले देशात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली, असे ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत आढळले. त्याचा सगळा दोष मोबाइलवर टाकता येणार नाही. पण पडद्याने वर्गाची जागा भरून काढली नाही, एवढे नक्की. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला शाळेचे किमान २०० दिवस ठरवून दिले आहेत. उन्हामुळे विदर्भातली शाळा आधीच उशिरा उघडते. २०२५ मध्ये उर्वरित महाराष्ट्रात १६ जूनला, इथे २३ जूनला. मग लगेच जुलैचा पाऊस. त्यात ‘ऑनलाइन झाले’ अशी नोंद पडली, की ज्या मुलापर्यंत पाठ पोचलाच नाही त्याचा दिवसही भरला असे धरले जाते. तो दिवस बुडाला असेच लिहावे आणि पुढे भरून काढावा.

त्याहून बरे म्हणजे, रपटा बुडाला तरी पलीकडची शाळा गावातच भरवावी. गुरुजींविना शिकवणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. पण एका दिवसाच्या उजळणीला डी.एड. लागत नाही, मानधनावर गावातली बारावी झालेली मुलगीही ती घेऊ शकेल. मात्र शाळेभोवती पाणी नाही, याची खात्री ग्रामपंचायतीने आधी करावी. जिल्हा परिषदेने सरावाचे कागद जूनमध्येच शाळांत पोचवावेत, आणि शाळेची एक किल्ली गावातच ठेवावी.